उतरणीची कमाई

गेल्या वर्षी नाशिकहून मुलुंडला परतताना कसारा घाटात माझी हायब्रिड गाडी अचानक घुमू लागली. ब्रेकवर पाय होता, तरी इंजिनाचा आवाज वाढतच चालला. मागच्या सीटवर नातवंडं. ब्रेक गेले, या धास्तीनं मी गाडी कडेला घेतली. थोड्या वेळानं निघालो आणि जपून घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये ब्रेकचा सगळा पंपच बदलायला सांगितला. खर्च ऐकून घाम फुटला.

आमच्या इमारतीत रेल्वेचे एक निवृत्त इंजिनचालक राहतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘बॅटरी भरली होती का?’’ भरली होती!

या प्रश्नामागे जुना इतिहास आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. पुढच्या पाच वर्षांत तारा कसारा आणि बोरघाट चढून गेल्या. दोन्हीकडे ३७ फुटांत एक फूट असा चढ. वाफेच्या काळात उतरताना ब्रेक तापत आणि झिजत. मग मालगाड्यांसाठी ‘खेकडा’ म्हणून ओळखलं जाणारं विजेचं इंजिन आलं. उतरताना त्याच्या मोटारी जनित्रं बनत, गाडीला आवरत आणि तयार झालेली वीज तारेत परत पाठवत. चढणारी गाडी ती वापरी. मात्र वीज घ्यायला कोणी नसेल, तर लोखंडी ब्रेकचाच आधार. २००७ पासून आलेल्या नव्या लोकलही अशीच वीज परत देतात.

जपानमध्ये १९९७ साली विक्रीला आलेल्या पहिल्या प्रियसपासून हायब्रिड मोटारींनीही हीच युक्ती उचलली. फरक इतकाच, की इथं वीज घेणारी बॅटरी. लांब उतारावर ती भरली, की जादा वीज खपवण्यासाठी गाडी इंजिन नुसतंच फिरवते. हा बिघाड नव्हे. मात्र ब्रेकचा लाल दिवा लागला, पेडल खोल गेलं किंवा ब्रेकचं तेल कमी झालं, तर गाडी पुढे दामटू नये.

घाटकोपरच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. एकही दोष निघाला नाही. तेल, पॅड ठीक. डिस्कवर फक्त पावसाळ्यातला गंज होता. कारण मोटारच बरंचसं काम करते, पॅड कमी घासतात. तो साफ झाला, पंप वाचला.

गाडी नवी असली, तरी घाट जुनाच आहे. आणि घाट उतरलेल्या माणसाला आधी विचारलेलं बरं.