सरगूरची ती, वय चोवीस

1930 साल. तुम्ही चोवीस वर्षांच्या आहात आणि सरगूरला कपिला नदीच्या काठी राहता. चार बाळंतपणं झाली, त्यातली तीन मुलं हयात आहेत. पाचव्याची चाहूल लागू नये म्हणून तुम्ही देवापुढे हात जोडता. याच जूनमध्ये म्हैसूर संस्थानानं हुकूम काढला आहे, की मोठ्या सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाचा सल्ला देणारे दवाखाने उघडावेत. एखाद्या सरकारनं हे काम अंगावर घेण्याची जगातली ही पहिली वेळ मानली जाते. मुंबईत र. धों. कर्वे 1921 पासून पदरमोड करून हेच करताहेत, आणि त्यापायी त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरीही गेली. तुमच्या कानांवर यातलं काहीच येत नाही. म्हैसूर पन्नासेक किलोमीटरवर. बैलगाडीनं जायचं म्हटलं तर अंगावरचं मूल कुणाच्या हवाली करणार? सासूला काय सांगणार? पावसाळा सरतो आणि तुम्हाला पुन्हा दिवस जातात.

1952. तुम्ही अजूनही चोवीसच्याच. देशानं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आहे. तुमची मावसबहीण रामनगरला दिलेली. तिथे प्रयोग चालू आहे, आणि तिच्या हातात मण्यांची एक माळ आली आहे. हिरवे मणी निर्धास्त दिवसांचे, तांबडे जपायच्या दिवसांचे. रोज एक मणी सरकवायचा. माळ ती नीट मोजते, पण तांबड्या मण्याच्या रात्री ‘नको’ म्हणायची मुभा तिला कुणी दिलेली नाही. माझ्या मते त्या प्रयोगाचं अपयश तिथेच होतं. बाईला हिशेब शिकवला, निर्णय मात्र नवऱ्याच्याच हाती राहिला.

1976. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आहे. दोन वर्षांपूर्वी कबिनी धरण झालं. धरणाच्या पाण्यामुळे आणि बंडीपूरच्या व्याघ्रप्रकल्पामुळे जेनू कुरुबा आदिवासींच्या कित्येक हाडी, म्हणजे जंगलातल्या वस्त्या, उठल्या. कुणी कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला गेलं, कुणी रस्त्याकडेला झोपडी टाकली. आणीबाणी आहे, जीपचा आवाज आला की पुरुष दबकतात. 1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांवर नसबंद्या होतील, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या, आणि कित्येक जबरदस्तीच्या. पुढच्या निवडणुकीत सरकार पडेल. त्या धसक्यानं पुढाऱ्यांनी पुरुषांचं नावच टाकलं. ओझं हटलं नाही, ते तुमच्या पोटावर आलं. नंतरची कितीतरी वर्षं टार्गेट पुरं करायचं म्हटलं, की बाईच्याच टाक्याची शस्त्रक्रिया आणि शिबिरातली रांग.

आता पुढे या. म्हैसूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी, डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांच्या पुढाकारानं, 1984 मध्ये स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट ही संस्था उभी केली. पुढे ते हेग्गडदेवनकोटेच्या आदिवासी वस्त्यांमध्ये जाऊन राहिले, आणि कालांतरानं सरगूरमध्येच रुग्णालय झालं. दवाखाना तुमच्या गावात आला, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र हाडीतून तिथवर यायचं तर आजही बुडालेली मजुरी, बसचं भाडं आणि जंगलातली वाट आड येतेच. म्हणून दारापर्यंत येणाऱ्या नर्सबाई आणि आशाताई यांचं मोल मला इमारतीपेक्षा जास्त वाटतं.

आज तुम्ही चोवीसच्या आहात, दोन मुलं आहेत, दोहोंत वर्षाचंही अंतर नाही. सरकारी यादीत निरोध, गोळ्या, तांबी आहेच. 2017 पासून तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळीही आली. यातलं काय झेपेल, अंगावर जास्त गेलं तर कुठे यायचं, नको वाटलं तर कधी थांबवायचं, हे कुणीतरी घाई न करता सांगायला हवं. ऑपरेशन हा एकच रस्ता नाही, हेही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के होतं, पुरुष नसबंदीचं 0.3 टक्के. वास्तविक बिनटाक्याची पुरुष नसबंदी जास्त सोपी आणि कमी जोखमीची; त्याच दिवशी घरी जाता येतं, फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं. हे वाचणाऱ्या नवऱ्यांनो, पुढच्या खेपेला आरोग्य केंद्रात बायकोला एकटी धाडू नका. सोबत जा, आणि डॉक्टरांना स्वतःच्या शस्त्रक्रियेविषयी विचारा.