बदलीचे गणपती

आमच्या घरात सनावळी बोटीवरून चाले. आजोबा मुंबईला कधी गेले, असं विचारलं की आजी म्हणे, "रामदास बुडाली ना, त्याच्या दुसऱ्या वर्षी." म्हणजे 1948. रामदास रेवसच्या वाटेवर बुडाली, रत्नागिरीच्या नव्हे, पण धसका साऱ्या किनाऱ्याने घेतला होता. आजोबा तरीही बोटीनेच गेले. सोबत एक ट्रंक, कुळथाचं पीठ आणि सुक्या बांगड्यांची पुरचुंडी. तिचा वास म्हणे ट्रंकेला कायमचा बसला. ती ट्रंक मी पाहिली आहे. वास मला कधी आला नाही, पण आजीला यायचा.

लालबागला गावकीचा गाळा होता. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याच्या वळकटीला जागा व्हायची. आजोबांना गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली मिळाली. बदली म्हणजे कुणी खाडा केला तर त्याच्या साच्यावर उभं राहायचं. भोंग्याआधी फाटकाशी हजर व्हायचं आणि नाव पुकारलं नाही तर परत फिरायचं. दुपारी दुसऱ्या पाळीला पुन्हा तेच.

कुणाला घ्यायचं हे पूर्वी जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, मर्जीवर असे, आणि मर्जीला दस्तुरी लागे. 1935 मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदलीची कार्डं काढली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक जणांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज हजेरी लावायची आणि काम त्यांनाच द्यायचं. कागदावर जॉबर बाजूला झाला. आमच्या रायवळ आंब्यांच्या करंड्या मात्र त्यानंतरही कुणाकडे तरी जात होत्या. कुणाकडे, ते आजोबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. नुसते मिशीत हसायचे.

बदलीवाल्याची सुगी कधी, तर कायमवाले गावाला गेले की. आणि आमचे कोकणातले गडी जाणार कधी? शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीला. त्या दिवसांत साचे रिकामे पडत आणि बदलीचा महिना भरत असे. खानावळवालीची उधारीही तेव्हाच फिटे. म्हणून आजोबांनी गावचे गणपती सोडले. आजी म्हणे सहा, आजोबा म्हणत सात. त्यावरून दोघांची म्हातारपणीही जुंपायची. "आरतीला घरात बाप्यामाणूस नाही, मीच घंटा वाजवली सहा वर्षं," असं ती म्हणाली की आजोबा म्हणत, "सात." हा आकडा मोठा करण्यात त्यांना काय मिळे कोण जाणे. पण त्याच भरलेल्या दिवसांनी कायम होण्याच्या यादीत त्यांचं नाव वर सरकत गेलं, एवढं खरं.

त्यांचा मुलगा, माझा काका, पुढे त्याच वाटेने गेला. तो कायम व्हायच्या आत 18 जानेवारी 1982 उजाडला. कामगारनेते दत्ता सामंतांचा गिरणी संप त्या दिवशी सुरू झाला; त्यात बदलीवाल्यांना कायम करा अशीही एक मागणी होती. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. काका मिरगाला गावी आला तो नांगर धरायला, आणि मग इथलाच झाला. त्याचं बदलीचं कार्ड आजीने देवाच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं होतं. का, ते आम्ही विचारलं नाही.

त्याच्या कितीतरी आधी, आजोबा स्वतः कायम झाले त्या वर्षी मात्र भाद्रपदात घरी आले. पावसात बोटी बंद, म्हणून एस.टी.ने, गुडघे अवघडून. परत निघताना आजीने तवसाचं धोंडस बांधून दिलं. मागे त्यांच्या साच्यावर वरच्या वाडीतला एक पोरगा बदलीला उभा होता, त्याच्यासाठी. त्याचाही तो गणपती मुंबईतच गेला होता.

पोराने फाटकाशीच फडकं सोडलं, उभ्या उभ्या खाल्लं, बोटं चाटली. मग आजोबांकडे बघून हळूच विचारलं, "काका, शिमग्याला जानार ना?"