तारापूरची गळती

सालवडच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे, समुद्राकाठी तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. २८ ऑक्टोबर १९६९ पासून ते व्यावसायिक वीज देऊ लागलं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारलेल्या, उकळत्या पाण्याच्या दोन भट्ट्या. क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट. पाणी, नळ्या आणि दाब एकत्र आले, की गळती आलीच.

आधी त्रास दिला इंधनकांड्यांनी. त्यांच्या झिर्कॅलॉयच्या आवरणाला गेलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘सिपिंग’: कांड्यांचा संशयित जुडगा पाण्याच्या बंद डब्यात ठेवायचा आणि काही वेळाने ते पाणी तपासायचं. त्यात किरणोत्सारी आयोडीन किंवा सिझियम वाढलेलं दिसलं, की चोर सापडला. चीर न पाहता, तिने मागे सोडलेल्या खुणेवर चोर पकडायचा. पोलिसांनाही हेवा वाटावा अशी पद्धत.

दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्यांनी मात्र दमवलं. त्याही गळू लागल्या, आणि पुढे भट्ट्यांची क्षमता १६० मेगावॉटवर आली.

अशा भट्टीत किरणोत्सार अडवायला पाणी भरलेलंच ठेवतात, म्हणून तपासणीसाठी तिच्या पोटात माणसाऐवजी कॅमेरा उतरतो. पण त्याची जलरोधक पेटीच गळली तर? पेटी बंद करणाऱ्या रबरी ओ-रिंगवर एक केस अडकला तरी पुरे. म्हणून रिंग पुसायची, हलकं ग्रीस लावायचं, पेटीत हवेचा दाब भरून मापकाचा काटा उतरतो का ते पाहायचं. पाण्याखाली छायाचित्रं काढणाऱ्या फ्रान्सच्या लुई बुताँने १८९३ मध्ये वेगळाच उपाय काढला होता: पेटीला हवेचा रबरी फुगा जोडला. खोलीवर पाणी फुगा दाबे, आतला दाब बाहेरच्याइतका होई, आणि पाण्याला आत शिरायला जोरच उरत नसे.