स्लेडवाल्यांना नेमकं काय हवंय?

मुंबईत पश्चिम रेल्वेवर २०१५ साली पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या लोकल आल्या आणि पब्लिकने त्यांना लगेच 'बम्बार्डियर' म्हणायला सुरुवात केली. गाडीतली विजेची यंत्रणा त्या कंपनीची, म्हणून हे नाव. विरार फास्टला लटकणाऱ्या किती जणांना माहीत असेल की हे मूळचं एका गॅरेजवाल्याचं आडनाव आहे? आणि तो आयुष्यभर एकाच प्रश्नाच्या मागे होता: बर्फावरून गाडी चालवायची कशी?

आजचा विषय स्नोमोबिल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मधे इंजिन आणि वर मोटरसायकलसारखा बसलेला माणूस. अमेरिका-कॅनडात याला नुसतं 'स्लेड' म्हणतात. आपल्याकडे गुलमर्गला पर्यटकांना यावर फिरवून आणतात आणि सियाचीनमध्ये आपलं लष्कर स्नो-स्कूटर वापरतं, तेवढाच काय तो आपला संबंध. पण स्लेडच्या चाहत्यांना पुढच्या इंजिनांकडून आणि डीलरकडून काय हवंय हे वाचायला लागलो आणि लक्षात आलं की यातली प्रत्येक मागणी म्हणजे जुन्या इतिहासाची थकबाकी आहे. तो इतिहास मला भलताच इंटरेस्टिंग वाटला, म्हणून हा लेखप्रपंच.

एक गॅरेज आणि एक हिवाळा

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात व्हालकूर नावाचं छोटं गाव आहे. जोसेफ-आर्मां बम्बार्डियर १९०७ साली त्याच भागात जन्मला आणि विशी गाठण्याआधीच त्याने गावात गॅरेज टाकलं. तेव्हा तिथे हिवाळ्यात रस्ते साफ करायची पद्धत नव्हती. पहिला मोठा बर्फ पडला की मोटारी वसंतापर्यंत बंद आणि गॅरेजवाल्याचा धंदाही बंद. त्यामुळे बर्फावर चालणाऱ्या गाडीचे त्याचे प्रयोग आधीपासूनच चालू होते.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला, इव्हॉनला, अपेंडिक्सचा त्रास झाला. तातडीने ऑपरेशन व्हायला हवं होतं. रस्ते बर्फाने बंद होते, आणि गॅरेजमधली गाडी चालण्याच्या अवस्थेत नव्हती. मूल गेलं.

यावर जास्त काही लिहित नाही. पुढच्या काही वर्षांत त्याने दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याची रचना तयार केली, १९३७ साली तिचं पेटंट मिळालं आणि त्यावर सात माणसं बसतील अशी बी-७ ही गाडी आली. मग बारा जणांची बी-१२. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, अँब्युलन्स, सगळ्यांसाठी ही गाडी वापरली गेली. १९४२ मध्ये रीतसर कंपनी झाली.

आणि मग १९४८ च्या सुमारास क्युबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ काढायला सुरुवात केली. म्हणजे समाजाचा प्रश्न सुटला आणि कंपनीचा प्रॉडक्ट मेला! आयटीत आपण हे दर पाच वर्षांनी बघतो. :-)

सात हॉर्सपॉवर

त्याच सुमारास इंजिनं लहान आणि हलकी होत होती. १९५९ मध्ये बम्बार्डियरने एका-दोघांसाठीची छोटी गाडी काढली, स्की-डू. तिचं नाव 'स्की-डॉग' ठेवायचं ठरलं होतं म्हणे, कुत्र्यांच्या गाडीची जागा घेणार म्हणून. पुढे 'डॉग'चं 'डू' झालं आणि तेच टिकलं. पहिल्या मोसमात सव्वादोनशेच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या. इंजिन होतं कोलर कंपनीचं, फोर-स्ट्रोक, सात हॉर्सपॉवर. हे 'फोर-स्ट्रोक' जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तसा बम्बार्डियर यात एकटा नव्हता. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सेनर गावात कार्ल एलियासन याने १९२४ मध्येच बोटीचं इंजिन लाकडी टोबोगनवर बसवलं होतं. मिनेसोटातल्या रोझो गावी शेतीची अवजारं बनवणारं एक वर्कशॉप होतं. तिथे १९५०च्या दशकाच्या मध्यावर डेव्हिड जॉन्सन आणि मंडळींनी एक स्लेड जोडली आणि पगाराला पैसे हवेत म्हणून ४६५ डॉलरला विकून टाकली. हेच वर्कशॉप म्हणजे पुढची पोलारिस कंपनी.

तिथला एक भागीदार एडगर हेटीन १९६० मध्ये अलास्कात गेला आणि बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत सुमारे १२०० मैल स्लेडवरून गेला, हे यंत्र भरवशाचं आहे हे दाखवायला. परत आला तर कंपनीतले लोक नाराज. मग तो बाहेर पडला आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या थीफ रिव्हर फॉल्स गावात नवी कंपनी काढली. तीच आर्क्टिक कॅट. थोडक्यात काय, मॅनेजमेंटशी पटलं नाही म्हणून स्वतःचं स्टार्टअप काढायची प्रथा बरीच जुनी आहे.

टू-स्ट्रोक का?

१९६२ पासून स्की-डूमध्ये ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीची टू-स्ट्रोक इंजिनं आली (१९७० मध्ये बम्बार्डियरने ती कंपनीच विकत घेतली) आणि हळूहळू सगळा धंदाच टू-स्ट्रोकवर गेला.

कारण साधं आहे. ज्यांच्या घरी जुनी चेतक किंवा आरएक्स-१०० होती त्यांना हे माहीत असेल. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. शिवाय व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, म्हणजे सुटे भाग कमी आणि वजन कमी. रस्त्यावर पाच-दहा किलो जास्त असले तरी फारसं बिघडत नाही. कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात मात्र जड गाडी सरळ रुतते, आणि मग ती उकरून काढायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो.

गंमत म्हणजे गिअरसुद्धा आपल्या ओळखीचा. कायनेटिक होंडात होता तसाच व्हेरिओमॅटिक, दोन पुली आणि मधे रबरी पट्टा. आमच्या बाबांच्या कायनेटिकचा बेल्ट तुटला की ती ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे न्यायची. स्लेडचा बेल्ट जंगलात, उणे तीसमध्ये तुटतो. म्हणून शहाणा माणूस एक जादा बेल्ट जवळ बाळगतोच.

टू-स्ट्रोकची अजून एक करामत आहे. हे इंजिन उलटंही फिरू शकतं! नव्वदीच्या अखेरीस रोटॅक्सने याचा फायदा घेतला. बटण दाबलं की इलेक्ट्रॉनिक्स इंजिनाला जवळजवळ बंद पडू देतं आणि नेमक्या क्षणी ठिणगी टाकून उलट्या दिशेने फिरवतं. रिव्हर्स गिअरचं वजन वाचलं. एखाद्या प्रोग्रॅमरने शोभावा असा जुगाड आहे हा.

पण खोट आहेच. सिलिंडरमधला जळका धूर बाहेर ढकलायला ताजं मिश्रण वापरलं जातं, आणि त्यातलं बरंचसं न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांत पेट्रोलचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त असा वाया जायचा. त्यात ऑइल जळतं ते वेगळंच.

यलोस्टोनचा धडा

याची किंमत यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये मोजावी लागली. नव्वदीत हिवाळी सुट्ट्यांना तिथे स्लेडची रांग लागायची आणि गेटवर निळा धूर साचायचा. तिकिटं देणाऱ्या रेंजरना मास्क घालायची वेळ आली. जानेवारी २००१ मध्ये क्लिंटन सरकारने तिथे स्लेड हळूहळू बंद करायचा नियम काढला, मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटचे नियम ठरायला २०१३ उजाडलं. मधल्या काळात, २००२ मध्ये, केंद्रीय पर्यावरण खात्याने स्लेडच्या इंजिनांसाठी उत्सर्जनाच्या मर्यादा आणल्या.

यातून दोन रस्ते फुटले. यामाहाने २००२ मध्ये आरएक्स-१ आणली, हजार सीसीची फोर-स्ट्रोक. स्वच्छ, शांत, टिकाऊ, पण जड. दुसरा रस्ता टू-स्ट्रोक सुधारायचा. बम्बार्डियरने २००१ मध्ये दिवाळखोरीतून एव्हिनरूड हा बोटीच्या इंजिनांचा व्यवसाय घेतला होता. त्यातून आलेलं ई-टेक तंत्र २००८ मध्ये स्लेडमध्ये बसवलं (तोवर, २००३ मध्ये, स्लेडचा धंदा बीआरपी नावाने वेगळा झाला होता). यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, योग्य वेळी फवारलं जातं, त्यामुळे न जळता निसटणं खूपच कमी. २०१९ मध्ये याच कंपनीने कारखान्यातूनच टर्बो लावलेली टू-स्ट्रोक स्लेड काढली. तीन हजार मीटर उंचीवर विरळ हवेमुळे साधं इंजिन जवळजवळ तीस टक्के ताकद गमावतं. टर्बो ती भरून काढतो. पोलारिसही मागोमाग आलीच.

म्हणजे इंजिनाबाबत लोकांना काय हवंय? टू-स्ट्रोकचं वजन, फोर-स्ट्रोकचं आयुष्य, टर्बोची ताकद, आणि उणे तीसमध्ये पहिल्या झटक्यात स्टार्ट. सगळं एकाच इंजिनात. क्लायंटची रिक्वायरमेंट असते तशीच. :-)

विजेवर चालणाऱ्या स्लेडही आल्या. बीआरपीची इलेक्ट्रिक स्लेड एका चार्जवर सुमारे पन्नास किलोमीटर जाते. रिसॉर्टच्या आवारात फिरायला ती छान आहे, पण दिवसभर रानात फिरणाऱ्याला पुरत नाही, आणि थंडीत बॅटरी अजून मार खाते. माँट्रियलच्या टायगा कंपनीने २०१५ पासून याच एका कल्पनेवर काम केलं. २०२४ मध्ये तिला घेणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं आणि मग मालक बदलले.

खरा प्रश्न: उद्या दुकान उघडं असेल का?

आता डीलर. साठच्या दशकात डीलर म्हणजे गावातला पेट्रोल पंपवाला नाहीतर ट्रॅक्टर विकणारा. शंभराहून जास्त कंपन्या स्लेड बनवत होत्या. १९७१ च्या आसपास उत्तर अमेरिकेत वर्षाला पाच लाखांच्या जवळपास स्लेड विकल्या गेल्या. मग तेलसंकट, मंदी आणि कमी बर्फाचे हिवाळे. १९८३ पर्यंत हा आकडा लाखाच्याही खाली आला, आर्क्टिक कॅटचं १९८१ मध्ये दिवाळं निघालं (पुढे ती परत उभी राहिली), आणि शेवटी चार मोठ्या कंपन्या उरल्या. बाकीच्यांच्या गाड्या लोकांच्या गोठ्यात पडून राहिल्या, कारण पार्ट देणारंच कोणी नव्हतं.

हे का महत्त्वाचं? कारण मोसम जेमतेम तीन-चार महिन्यांचा. जानेवारीत गाडी बंद पडली आणि पार्ट यायला तीन आठवडे लागले तर मोसमाचा पाव हिस्सा गेला. एक वर्षाच्या वॉरंटीतले आठ महिने तर उन्हाळ्या-पावसातच जातात. शिवाय बऱ्याच गाड्या मार्च-एप्रिलमध्येच पुढच्या हिवाळ्यासाठी बुक कराव्या लागतात, त्यामुळे गिऱ्हाईक सहा-आठ महिने आधीच कंपनीवर विश्वास टाकतं. बदल्यात त्याला हवं असतं इतकंच: पार्ट दुकानात असावा, मेकॅनिक शिकलेला असावा आणि त्याने फोन उचलावा. आता इंजिन म्हणजे अर्धं सॉफ्टवेअर. त्याचा एरर कोड नीट वाचायचा प्रोग्रॅम डीलरकडेच असतो. पूर्वी प्लग बदलून, कार्ब्युरेटर फुंकून माणूस घरी यायचा, आता लॅपटॉपवाल्याची वाट बघतो. आपण याला व्हेंडर लॉक-इन म्हणतो.

हे नुसतं हौशी लोकांचं रडगाणं नाही. फिनलंडच्या उत्तरेला सेवेत्तियार्वी भागात स्कोल्ट सामी लोक रेनडिअर पाळतात. साठच्या दशकात तिथे स्लेड पोचली आणि काही वर्षांतच रेनडिअर ओढायच्या घसरगाड्या मागे पडल्या. पर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने यावर १९७३ मध्ये 'द स्नोमोबिल रेव्होल्यूशन' नावाचं पुस्तकच लिहिलं. आधी ओढणारा प्राणी कळपातच मिळायचा आणि चारा रानात. आता यंत्र, पेट्रोल, पार्ट, सगळ्याला रोख पैसा लागायला लागला. ज्यांना तो जमला नाही ती कुटुंबं हळूहळू या धंद्यातून बाहेर पडली. अशा ठिकाणी डीलर बंद पडणं म्हणजे शेतकऱ्याचा बैल जाणं.

आणि ही भीती जुनी झालेली नाही. जून २०२३ मध्ये यामाहाने जाहीर केलं की २०२५ चं मॉडेल उत्तर अमेरिकेतलं शेवटचं. पंचावन्नहून जास्त वर्षं या धंद्यात काढून कंपनी बाहेर. पार्ट आणि सर्व्हिस देत राहू असं सांगितलं, पण दुकानात नवी गाडीच नसेल तर डीलर किती वर्षं त्या नावाचा मेकॅनिक पोसणार? २०१७ मध्ये आर्क्टिक कॅट घेतलेल्या टेक्स्ट्रॉनने २०२४ च्या अखेरीस उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. थीफ रिव्हर फॉल्ससारख्या छोट्या गावात त्याचा अर्थ काय होतो, हे कुठल्याही बंद गिरणीजवळ राहिलेल्या माणसाला समजेल. २०२५ मध्ये कंपनीच्याच एका जुन्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने नव्या मालकांनी ती घेतली, हे त्यातल्या त्यात बरं.

त्यात २०२३-२४ चा हिवाळा मिडवेस्टमध्ये जवळजवळ कोरडाच गेला आणि डीलरकडे माल पडून राहिला. बर्फच बेभरवशाचा झाला तर कंपनी इंजिनावर पैसा का लावेल, आणि डीलर गोडाऊन का भरेल? कारखान्यात कितीही हुशार माणसं बसवली तरी याला उत्तर नाही.

म्हणून मला वाटतं, पुढच्या इंजिनाबद्दलच्या चर्चेत दहा हॉर्सपॉवर जास्त की पाच किलो कमी हा वाद तसा दुय्यम आहे. या यंत्राचा जन्म 'वेळेवर पोचता आलं नाही' यातून झाला, आणि आजही स्लेडवाल्याची मूळ मागणी तीच आहे: मी निघालो तर परत घरी पोचलो पाहिजे. त्यातला निम्मा भाग इंजिनीअरच्या हातात आहे. उरलेला निम्मा काउंटरमागच्या त्या माणसाकडे, जो जानेवारीच्या संध्याकाळी रॅकवरून बेल्ट काढून देतो आणि सांगतो, जुना टाकून देऊ नका, वेळेला उपयोगी पडेल.