उत्थापक वायूची निवड आणि विजयदुर्गाची हेलियमकथा

स्वहस्तें वायुनौका बांधूं पाहणारास पहिला प्रश्न पडतो तो ती कोणत्या वायूनें भरावी हा. या प्रश्नाचा इतिहास शोधीत असतां आम्हांस कोंकणांतील एका प्रसिद्ध आख्यायिकेची छाननी करणें भाग पडलें. तिचा निष्कर्ष वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १७८३ च्या ४ जून रोजीं फ्रान्सांतील आनोने गांवीं मोंगोल्फिए बंधूंनीं फुगा उडविला. गवत व लोकर जाळून होणाऱ्या धुरांत कांहीं विशेष वायु असतो अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः फुगा उचलीत होती ती तापलेली हवा. ही वार्ता पॅरिसला पोहोंचली, परंतु फुग्यांत काय भरलें होतें याचा उलगडा तेथें झाला नाहीं. तेव्हां शार्ल नामक विद्वानानें असें अनुमान बांधलें कीं, हेन्री कॅव्हेंडिश यानें १७६६ त वर्णिलेला ज्वालाग्राही वायु, म्हणजे हायड्रोजन, हाच तो असावा. रॉबेर बंधूंनीं रबराचें रोगण दिलेला रेशमी फुगा तयार केला. लोखंडाच्या किसावर गंधकाम्ल ओतून वायु काढण्यांत आला, आणि २७ ऑगस्ट रोजीं फुगा पॅरिसांतून उडाला. तो गोनेस गांवीं उतरला तेव्हां भयभीत गांवकऱ्यांनीं त्याच्या चिंधड्या केल्या. अनुमान चुकलें, पण निवड साधली! १ डिसेंबर रोजीं शार्ल व धाकटा रॉबेर स्वतः हायड्रोजनच्या फुग्यांतून आकाशांत गेले.

या निवडीचें गणित सोपें आहे. एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १·२९ किलोग्रॅम, तितक्याच हायड्रोजनचें ०·०९ व हेलियमचें ०·१८. म्हणजे पहिला वायु १·२० किलोग्रॅम भार उचलतो, तर दुसरा १·११. हेलियम दुप्पट जड असूनहि उचल फार घटत नाहीं, आणि तो पेट घेत नाहीं. दिव्यांसाठीं नळांतून मिळणारा कोळशाचा वायु सुलभ खरा, परंतु त्याची उचल हायड्रोजनच्या निम्म्याच्या आसपास. सांतोस द्युमों यानें १९०१ च्या १९ ऑक्टोबर रोजीं ज्या सहाव्या नौकेंतून आयफेल मनोऱ्यास प्रदक्षिणा घातली, तींत ६२२ घनमीटर हायड्रोजन होता. हेलियम भरला असता तर एका सडपातळ मनुष्याच्या वजनाइतकीच उचल कमी पडती. पेट्रोलचें यंत्र व ज्वालाग्राही वायु यांचें साहचर्य त्यानें पत्करलें, कारण हेलियम त्या काळीं प्रयोगशाळेबाहेर मिळतच नव्हता.

आतां आख्यायिकेकडे वळूं. नॉर्मन लॉकियर यानें १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं विजयदुर्गावर राहून हेलियम शोधला, व किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ ही त्याची खूण, असें सांगण्यांत येतें. समकालीन साधनें याच्या उलट साक्ष देतात. तें ग्रहण १८ ऑगस्ट १८६८, म्हणजे शके १७९० च्या श्रावण अमावास्येस झालें. तें पाहण्यास फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंतूर येथें आला होता. लॉकियर त्या समयीं इंग्लंडांतच होता. त्यानें २० ऑक्टोबर रोजीं ग्रहणावांचूनच सूर्यकडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यांतील पिवळी रेषा सोडियमची नव्हे असें ठरल्यावर हेलियम हें नांव पुढें आलें. पृथ्वीवर हा वायु १८९५ त रॅम्झे यास क्लीव्हाइट खनिजांत सांपडला.

मग विजयदुर्गाचा संबंध कोठला? तो खरा आहे, पण तीस वर्षांनंतरचा. २२ जानेवारी १८९८, म्हणजे शके १८१९ च्या पौष अमावास्येस झालेल्या खग्रास ग्रहणासाठीं लॉकियर विजयदुर्गास आला व मेल्पोमीन या युद्धनौकेवरील खलाशांच्या साहाय्यानें त्यानें वेध घेतले. दोन ग्रहणें, एकच ज्योतिषी. लोकस्मृतीनें त्यांची गांठ घातली. ओट्यांचा काळ याच मुक्कामाचा मानणें आम्हांस सयुक्तिक वाटतें.

ही दुरुस्ती कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु बखरींतील एका सालाची चूक दाखविण्यास आपण जेवढा कांटेकोरपणा दाखवितों, तेवढा आपल्या अभिमानाच्या गोष्टींसहि लावला पाहिजे. लॉकियर येथें आला, एवढें सत्य किल्ल्यास पुरेसें भूषण आहे.

राहिला वायूचा प्रश्न. अमेरिकेंत भूगर्भांतील वायूंत हेलियम सांपडल्यावर तो पुरेसा मिळूं लागला, पण त्याची निर्यात कायद्यानें रोखली गेली. म्हणून मूळ हेलियमसाठीं योजलेली जर्मन नौका हिंडेनबुर्ग हायड्रोजननेंच भरावी लागली. ६ मे १९३७ रोजीं लेकहर्स्ट येथें ती जळाली व ३६ जीव गेले. उत्तम वायु कोणता हें ठाऊक होतें. तो हातीं नव्हता.