डावखुऱ्याची गिटार

आमच्या जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील, एका धर्मग्रामाच्या गायनवृंदाला काही वर्षांपूर्वी एक इलेक्ट्रिक गिटार दान मिळाली. ती शिकायला पुढे आलेला मुलगा डावखुरा होता. त्याने गिटार उलटी धरली, तेव्हा एका ज्येष्ठाने ती त्याच्या हातातून घेऊन ‘सरळ’ करून दिली. तो ज्येष्ठ मीच. पुढच्या रविवारी मुलगा सरावाला आला नाही. हात बदलावा की वाद्य बदलावे, या प्रश्नाला बराच मोठा इतिहास आहे, हे मला त्यानंतर शोध घेताना उमगले.

डाव्या हाताविषयीचा आकस आपल्या भाषेतच मुरला आहे. भेदभाव करणे म्हणजे ‘डावे-उजवे करणे’. नकोशा माणसाला आपण ‘डावलतो’. वास्तविक शास्ते या ग्रंथातील एहूद डावखुराच होता, आणि बन्यामीन वंशातील सातशे डावखुरे गोफणदार केसालाही नेम चुकू देत नसत, असे तोच ग्रंथ सांगतो. पण हे आपल्याला सहसा आठवत नाही.

वाद्ये माणसाच्या बैठकीप्रमाणे बदलतात, याचे घरचे उदाहरण म्हणजे आपली पेटी. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं याने १८४२ मध्ये पेटंट घेतलेले हार्मोनियम पायाने भाता मारून खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य होते. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांसाठी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताचा भाता दिला. ते खाली बैठकीवर आले आणि भजनातून, कीर्तनातून व आमच्या मिस्सागीतांतून खेडोपाडी पोहोचले. मात्र या सोयीपायी एक हात खर्ची पडला. पायपेटीवर दोन्ही हात स्वरांवर फिरत; आता डाव्याच्या वाट्याला बहुधा भाताच आला. उजव्यांच्या सोयीने झालेली ही वाटणी आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली, की ती वाटणी आहे हेच विसरलो.

गिटारीच्या बाबतीत मात्र डावखुऱ्यांनी निमूटपणे ऐकले नाही. अमेरिकेतील एलिझाबेथ कॉटन यांनी गिटार नुसती उलटी धरली, तारा होत्या तशाच ठेवल्या. त्यामुळे अंगठा सूर छेडी आणि बोटे खर्ज सांभाळीत. अल्बर्ट किंग हाही असाच वाजवी. इंग्लंडमध्ये पौगंडावस्थेतील पॉल मॅकार्टनीला गिटार काही केल्या जमेना. पुढे स्लिम व्हिटमन या डाव्या हाताने गिटार वाजवणाऱ्या गायकाचे छायाचित्र पाहून त्याने तारांचा क्रम उलटा केला आणि वाट मोकळी झाली. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जिमी हेंड्रिक्सचे (१९४२–१९७०). डाव्या हाताने वाजवणे हे सैतानाचे लक्षण, अशी त्याच्या वडिलांची समजूत होती. ते समोर आले की तो गिटार फिरवून उजव्या हाताने वाजवी, असे त्याचा भाऊ लिऑन याने सांगितले आहे. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात त्याच्या हाती होती ती पांढरी स्ट्रॅटोकास्टर उजव्यांसाठीच बनवलेली, उलटी धरून नव्याने तारा चढवलेली.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू, कारण ‘तारा उलट्या लावल्या की झाले’ हा आमचाही भ्रम होता. मानेच्या टोकाशी खाचा असलेली एक पट्टी असते, तिला वादक ‘नट’ म्हणतात. सर्वांत बारीक तार साधारण पाव मिलिमीटरची, तर सर्वांत जाड तिच्या चौपटीहूनही अधिक. खाचाही त्याच मापाने कोरलेल्या. आम्ही तारा उलटवल्या तेव्हा जाड तार खाचेत उतरेना आणि बारीक तार मोठ्या खाचेत खुळखुळू लागली. ती पट्टी नवी करावीच लागते. दुसरे काम घोडीचे. जाड तारेची लांबी किंचित अधिक ठेवल्याशिवाय वरच्या पडद्यांवर सूर लागत नाही. स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या गिटारीत प्रत्येक तारेचा आधार स्क्रूने मागेपुढे सरकतो, म्हणून हे घरी साधते. लाकडी पोकळ गिटारीत मात्र घोडी चिकटवलेली, तिच्यावरची पट्टी तिरकी आणि आतल्या पट्ट्याही एका बाजूच्या हिशेबाने बसवलेल्या. तेथे कारागिराशिवाय हात घालू नये.

एवढे करूनही काही गोष्टी उलट्याच राहतात. पट्टा अडकवण्याची खुंटी दुसऱ्या शिंगावर न्यावी लागते आणि मग तोल थोडा ढळतो. घोडीजवळचा पिकअप तिरका असतो. तो फिरल्यामुळे जाड तारा अधिक खणखणीत आणि बारीक तारा थोड्या मऊ वाजतात. हेंड्रिक्सच्या नादात याचाही वाटा होता, असे जाणकार मानतात. मानेच्या कडेवरील खुणेचे ठिपके जमिनीकडे जातात. आणि आवाजाची कळ नेमकी वाजवणाऱ्या हाताखाली येते.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेस योग्य असलेल्या किंवा योग्य करून घेता येणाऱ्या इतर वाद्यांनाही दार उघडले आहे. महासभेच्या मनात डावखुरे नव्हते, हे उघड आहे. तरी ‘योग्य करून घेता येणाऱ्या’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो, आणि त्या संध्याकाळी मुलाच्या घरी गेलो.

नवी पट्टी गावातल्या सुताराने हाडाच्या तुकड्यातून बारीक कानशीने घासून दिली. दोनदा फसली, तिसऱ्यांदा बसली. कडेवरचे ठिपके मुलाच्या बहिणीने नखपॉलिशने उमटवले. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात गौरवगीत चालू असताना त्याचा हात कळीला लागला, आवाज एकदम चढला आणि पुढची लहान मुले दचकून उठली. तेव्हापासून त्या कळीवर चिकटपट्टी आहे.