मराठवाड्याच्या शिवारात उतरू शकणारी प्रयोगशाळा

हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) केंद्रातून १९६९ पासून महाकाय फुग्यांच्या साह्याने वैज्ञानिक उपकरणे आकाशात पाठविली जातात. ही उड्डाणे प्रामुख्याने नोव्हेंबर ते एप्रिल या काळात होतात. काही तासांनंतर उपकरणे रंगीत पॅराशूटच्या आधारे हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर उतरतात. नांदेड आणि लातूर ही शहरे अंतराने याच टप्प्यात येतात.

फुगा जेवढी हवा बाजूला सारतो, तिच्या वजनाइतका वरचा रेटा त्याला मिळतो. जमिनीलगत एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो, तर तेवढ्याच हेलियमचे ०.१८ किलोच्या आसपास असते. म्हणजे एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो ओझे पेलतो. ७० किलो वजनाच्या माणसाला उचलण्यासाठी जत्रेतले फूटभर व्यासाचे फुगे वापरल्यास ते साडेचार हजारांहून अधिक लागतील. हायड्रोजन त्याहून हलका व स्वस्त, मात्र ज्वलनशील आहे. भारताला हेलियम आयात करावा लागतो. हैदराबादच्या फुग्यांत हायड्रोजनच भरला जातो.

पातळ पॉलिथिनचा हा फुगा जमिनीवर अर्धवटच भरतात. वर हवेचा दाब घटत जातो, तसा तो फुगत जातो. ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर त्याचा व्यास ५० ते ८५ मीटरपर्यंत होतो.

२००५ मधील एका उड्डाणात सुमारे साडेसात लाख घनमीटर क्षमतेच्या फुग्याने ४५९ किलोची उपकरणे नेली. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचा सहभाग असलेल्या या प्रयोगात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा झाले. त्यांतून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती आढळल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी एकीला ‘इस्रो’चे, तर दुसरीला आर्यभटाचे नाव देण्यात आले.

अशी पेटी शेतात आढळल्यास ती उघडू अथवा हलवू नये. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते, शिवाय छेडछाडीमुळे वर्षानुवर्षांच्या परिश्रमातून मिळालेली माहिती नष्ट होऊ शकते. पेटीवरील पत्त्यावर किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला कळवावे. उपकरणे सुरक्षित राहिल्यास कळविणाऱ्यास संस्थेतर्फे बक्षीस दिले जाते.